ब्याण्णव हजारांची डावी बाजू

हेडफोन डोक्यावर चढवण्याआधीच गिरिधरने त्यांचा निकाल लावून टाकला होता. वाईट. ब्याण्णव हजारांचे असले तरी वाईट. मेघाचे होते ना, मग झालं.

आधी त्याने ते हातात तोलले. जड आहेत, म्हणाला. मग कानांवर बसवून मान हलवली आणि सांगितलं की दाब फार आहे, तासाभरात कानशिलं दुखतील. गाद्यांचं चामडं लोण्यासारखं मऊ होतं, पण त्याने त्यातही खोट काढली. नागपूरच्या मे महिन्यात हे घालून बसा, म्हणे, कानाचं भरीत होईल. एवढ्या पैशांत चांगली जुनी स्कूटर येते, हेही त्याने ऐकवलं. समोर बसलेले रुपराव लक्ष देऊन ऐकत होते, म्हणून तर त्याची जीभ चालली होती.

रुपरावांनी उमरेड रोडला नवं सभागृह बांधलं होतं. तिथल्या साउंडचं काम कायमचं कुणाला द्यायचं, गिरिधरला की मेघाला, एवढाच प्रश्न उरला होता. रुपराव धान्याचे व्यापारी. साउंडमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ज्याचा कान पक्का त्याला काम, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि दोघांना प्रताप नगरात मेघाच्याच स्टुडिओत समोरासमोर बसवलं.

गिरिधरला हे काम हवंच होतं. यंदाच्या लग्नसराईत त्याला दोनच बोलावणी आली होती. बाकी सगळी मेघाकडे. आणि मेघाला शिकवलं कुणी? यानेच. माइक कसा धरायचा इथपासून. चार वर्षं पोरीने याच्या हाताखाली काढली, आणि आता तिचा एसी लावलेला स्टुडिओ, काचेची खिडकी, भिंतींना फोम, दारावर नावाची पाटी. लोक तिला मॅडम म्हणायचे. गिरिधरच्या पोटात दुखायचं. थोडंथोडकं नाही, घास गिळवणार नाही इतकं दुखायचं. तिचं नाव निघालं की समोरचा चहा त्याला कडू लागायचा.

मेघाने एका बाईंचं नुसत्या गळ्यातलं भजन लावलं. ना तबला, ना पेटी. गिरिधरने सवयीने डोळे मिटले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा फुलत गेला.

"डावा तर बोलूनच नाही राहिला वं मेघा," तो म्हणाला. "नुसता उजवा चालू आहे. ब्याण्णव हजारात अर्धाच माल देला काय तुले?"

हे बोलताना त्याला जे सुख झालं ते दोन वर्षांत झालं नव्हतं. फसली. पोरगी फसली, आणि तीही रुपरावांदेखत. रुपराव पुढे सरकून बसले. इतके दिवस हे मॅडमच्या ध्यानात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. प्रश्न साधाच होता, पण मेघाचा चेहरा उतरला.

ती उठून गिरिधरच्या खुर्चीमागे आली. त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढून तिने स्वतः क्षणभर ऐकलं. मग आपल्या हातांनी ते पुन्हा त्याच्या कानांवर बसवले आणि आता ऐका काका, एवढंच म्हणाली. गिरिधरने पुन्हा डोळे मिटले. भजन तेच. उजवीकडे बाई गात होत्या, डावीकडे काहीच नव्हतं. डावा अजूनही बंदच आहे, असं त्याने मोठ्याने जाहीर केलं.

मेघाने भजन बंद केलं.

"काका बरोबर म्हणून राहिले, रुपरावजी," ती म्हणाली. "डावा खराब आहे. माह्या ध्यानात नाही आलं. कंपनीले परत पाठवते."

रुपराव उठले. मग हॉल गिरिधरभाऊंचा, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

गिरिधरने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तेव्हा डाव्या कानावरून उतरलेल्या बाजूला त्याला आतून लाल खूण दिसली. लाल खूण म्हणजे उजवी बाजू. धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मेघाने दुसऱ्या वेळी हेडफोन उलटे चढवले होते. माल खराब असता तर या खेपेला त्याचा उजवा कान मुका व्हायला हवा होता. मुका राहिला तो डावाच.

तीस वर्षं तो स्टेजच्या एकाच कोपऱ्यात, डावा कान स्पीकरकडे करून उभा राहिला होता. गेल्या वर्षापासून मोबाईल आपोआप उजव्या कानाला जात होता. डावीकडून बायको काही बोलली की तो तिच्यावरच खेकसायचा, तोंडातल्या तोंडात काहून बोलतं म्हणून. कान गेलेल्या साउंडवाल्याला कोण विचारतं?

मेघा पाठमोरी होऊन कॉम्प्युटर बंद करत होती. तिला सगळं कळलं होतं. कळूनही तिने चांगल्या मालाला स्वतःच्या तोंडाने खोटं ठरवलं होतं आणि हातचा हॉल सोडून दिला होता. आता नुसता रुपरावांचा हात हातात घ्यायचा, की वर्षाची भाकर पक्की. कुणाला काही कळलं नसतं.

पण गिरिधर आणखीच जळला. असा तो आयुष्यात कधी जळला नव्हता. स्टुडिओ हिचा, नाव हिचं, गिऱ्हाईक हिचं, आणि आता मनानेही हीच मोठी? नाही. निदान यात तरी तो तिला पुढे जाऊ देणार नव्हता.

रुपरावांचा हात अजून पुढेच होता.

"हॉल हिले द्या, रुपरावजी," तो म्हणाला. "हेडफोन एक नंबर आहेत. डावा कान माहाच गेला."