प्यायला मागायची रीत

“प्यायला काय घेणार, मदाम?”

क्लेमांसनं हातावर नॅपकिन टाकला होता. शनिवारच्या फ्रेंच वर्गात आज पेयं मागवायचा धडा होता, म्हणून चर्चच्या हॉलमधल्या घडीच्या टेबलांचं तिनं कॅफे केलं होतं. स्वतः वेटर झाली होती. ट्रेमधली कॉफी, लिंबाचं सरबत, पाणी, सगळं मात्र खरं होतं.

एल्मीर स्टेलीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. त्या अख्ख्या वाक्यातला ‘ब्वासों’ हा एकच शब्द तिच्या कानावर आदळला होता. इथे लुइझियानातल्या घरगुती फ्रेंचमध्ये, तिच्या आईच्या तोंडी, आजीच्या तोंडी, ब्वासों म्हणजे दारू. त्या दारूपायी तिनं एक भाऊ पुरला होता.

“देवाच्या दारात? भर सकाळी?” ती म्हणाली. “लाज नाही वाटत, पोरी?”

वर्गात हशा पिकला. जिच्या सोबतीला ती वर्गात आली होती, ती शेजारी बसलेली नात केल्सी लाजून लाल झाली. “अगं मॉमॉ,” ती आजीला म्हणाली, “ब्वासों म्हणजे नुसतं पेय. कुठलंही.”

“पेयाला ब्रुव्हाज म्हणतात.”

क्लेमांसला हसू आवरेना. पॅरिसहून ती नुकतीच इकडे शिकवायला आली होती. “किती गोड! पण आमच्याकडे ब्रुव्हाज म्हणजे चेटकिणीचा काढा, मदाम. प्यायच्या वस्तूला आता असं कुणीच म्हणत नाही.”

“कुणीच नाही? मग आत्ता कोण बोललं?”

पुन्हा हशा. या वेळी जरा दबका. क्लेमांसनं ती धडा पुढे न्यायची संधी मानली. “चला, एकदा माझ्यामागे म्हणा बघू...”

एल्मीरचा घसा कोरडा पडला होता. “ते राहू दे. मला थोडं पाणी दे,” ती तिच्या फ्रेंचमध्ये म्हणाली आणि हात पुढे केला.

क्लेमांसनं पाण्याचा पेला उचलला, तिच्या बोटांपर्यंत आणला आणि लाडानं मागे ओढला. भुवया उंचावून म्हणाली, “अं हं. आधी नीट वाक्य. मग पाणी.”

एल्मीर त्या हाताकडे बघत राहिली. मग उठली. खुर्ची मागे कलंडली, तिच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

“सहा वर्षांची होते मी. शाळेचा पहिला दिवस. इंग्रजी ठाऊकच नव्हतं, म्हणून फ्रेंचमध्ये पाणी मागितलं. बाई म्हणाल्या, माणसांच्या भाषेत माग, मग देते. शाळा सुटेपर्यंत तहानलेलं ठेवलं मला. आज त्याच भाषेत मागतेय, तर तू म्हणतेस नीट माग. बायांनो, एकदा काय ते ठरवा तरी!”

क्लेमांसचा चेहरा पांढरा पडला. “घ्या ना, मदाम. मी आपली गंमत...” तिनं पेला दोन्ही हातांनी पुढे केला.

एल्मीरनं तो घेतला नाही. हॉलच्या मागच्या बाजूला गेली, नळ सोडला, ओंजळीनं पाणी प्यायली आणि ओल्या हातांनीच दार ढकलून बाहेर पडली.

केल्सी बऱ्याच वेळानं गाडीपाशी आली. पुस्तकं मागच्या सीटवर फेकली, दार आपटलं. एल्मीरला वाटलं, पोरगी आपल्या बाजूनं चिडली आहे.

“रडत होती ती,” केल्सी म्हणाली.

“रडू दे.”

“ती निदान शिकवते तरी मला!” केल्सीनं गाडी सुरू केली, पण जागेवरून हलवली नाही. “तू आणि पॉपॉ दिवसभर फ्रेंचमध्ये कुजबुजायचात, भांडायचात, हसायचात. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की गप्प. लगेच इंग्रजी. तिनं पेला मागे ओढला म्हणतेस. तू तर मला तो कधी दाखवलाही नाहीस.”

एल्मीरला सांगायचं होतं, तुला कुणी हसू नये म्हणून, तुझ्या आईला शाळेत कोपऱ्यात उभं करू नये म्हणून... सगळं खरं होतं. तिनं पर्सची कडी उघडली, बंद केली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर केल्सीनं न विचारताच गाडी एका हॉटेलच्या आवारात घातली. गाडीतूनच मागवायची सोय होती. खांबावरच्या स्पीकरमधून एक तरुण आवाज इंग्रजीत खरखरला, “बोला, काय देऊ?”

केल्सीनं काच खाली केली. ती काही बोलणार इतक्यात एल्मीर तिच्या अंगावरून स्टीअरिंगपर्यंत वाकली आणि त्या खांबाला खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणाली, “एक गार सरबत, पोरा. आणि एक कॉफी, गरम दूध घालून.”

स्पीकर पुन्हा खरखरला. “सॉरी मॅम, पुन्हा सांगाल?”

तिनं पुन्हा सांगितलं. तेच, तसंच, सावकाश.

“मॅम, तसलं काही आमच्याकडे मिळत नाही.”

“मिळतं,” एल्मीर म्हणाली. मग केल्सीकडे वळली. नातीचा चेहरा अगदी जवळ होता, अजून रागानं तापलेला. “आता तू म्हण.”

केल्सीनं एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग अडखळत म्हणाली.

“अं हं. ते तिचं पॅरिसचं झालं. तोंड उघड जरा, चोरून काय बोलतेस?”

मागून हॉर्न वाजला. मग आणखी एक, लांबलचक. केल्सीनं आरशात बघितलं.

“मॉमॉ, मागे रांग लागलीय.”

“लागू दे,” एल्मीर म्हणाली. “म्हण पुन्हा.”