सत्यमचं फोल्डर

दोन वर्षांपूर्वी कामावर गेलेला सत्यम परतलाच नव्हता. त्याची बहीण सारिका सुट्टीला कार्ल्याला आली आणि त्याचे फोटो आपल्या लॅपटॉपवर घ्यायला बसली. तिचा लॅपटॉप लिनक्सचा, त्याचा कॉम्प्युटर विंडोजचा. बऱ्याच खटपटीनंतर वायफायवरून त्याचं शेअर केलेलं फोल्डर जोडलं गेलं.

"आई, दादाचं फोल्डर उघडलं!"

"कसं उघडंल?" नंदाबाई म्हणाली. "त्याचा कम्प्युटर तर मी सकाळीच लोणावळ्याला दुरुस्तीला धाडलाय."

सारिकाने आतल्या खोलीत डोकावलं. टेबल रिकामं होतं.

फोल्डरमध्ये मात्र आत्ताच एक नवं रेकॉर्डिंग आलं होतं. तिने ते लावलं.

"आई, लय भूक लागलीय. भात टाक, आलोच."

नंदाबाई उठली आणि तिने तिघांचे तांदूळ धुवायला घेतले.

तेवढ्यात ओसरीवर कुणीतरी चपला काढल्या.