अडुसष्ट किलो

"वजन?" यांजीने विचारलं.

"अडुसष्ट किलो," मेख म्हणाला. "त्यावर तोळाभरही नाही."

यांजीला बरं वाटलं. वर अडकलेल्या माणसाचं वजन विचारलं की एरवी सगळे अंदाजपंचे ठोकून देत. आकडा पक्का असला की तिचा हातही पक्का राहायचा.

मेख गुरुङ बावीस वर्षं लुक्लाच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टरांची इंजिनं सांभाळत होता. भार कमी करायला त्याने मागची आसनं काढली होती, डावं दार काढलं होतं, आणि आता तिच्या खिशातला छुर्पीचा, वाळवलेल्या चीजचा, तुकडासुद्धा त्याने काढून घेतला.

"वर चघळायला वेळ कुठाय तुला?"

"आहे कोण तो, मेखदाइ?"

"परदेशी. पाय मोडलाय, पण हात धड आहेत. तू जवळ नेलंस की सरपटत आत येईल."

"कुठला?"

मेख पाना शोधायला वाकला. "कुठल्यातरी थंड देशातला. चल, अकराला ढग चढतील. आज नाही आणला तर उद्या आणायला कोणी उरणार नाही."

साडेपाच हजार मीटरच्या वर यांजीने कधी हेलिकॉप्टर टेकवलं नव्हतं. ही जागा सहा हजार दोनशेवर होती. दुसरा वैमानिक सुबन सकाळी तिथेच गिर्यारोहकांचे दोर पोचवून आला होता आणि आता डोकं धरून हँगरच्या उंबऱ्यावर बसला होता. उंची बाधली, असं मेख म्हणाला. ती अगदी शेजारून गेली तरी सुबनने मान वर केली नाही.

हँगरच्या दारावर रोज सकाळी प्रत्येकाचं वजन खडूने लिहायची पद्धत होती. बटाट्यांच्या काट्यावर उभं राहायचं, बाकीच्यांचे टोमणे ऐकायचे आणि आकडा लिहायचा. आज यांजी चोपन्न होती, सुबन एकाहत्तर. त्याखालची ओळ कोणीतरी ओल्या फडक्याने पुसली होती.

"बा कुठायत?"

"फेरिचेला, मधल्या गावात. सकाळी सुबनच्याच बरोबर गेले. वायरलेसवर बसलेत, तेच तुला वर नेतील."

मग तिची निम्मी भीती गेली. तिचे बा, कॅप्टन ग्यालु शेर्पा, तीस वर्षं हेलिकॉप्टर उडवून, गेल्या वर्षी निवृत्त झाले होते, पण घरी बसतील तर शपथ. त्यांचे नियमही अजून चालायचे. मागे तिचा मावसभाऊ लोबुचेला आजारी पडला तेव्हा ती इंजिन चालू करून बसली होती. बांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि सुबनला पाठवलं. रक्ताच्या माणसासाठी उडायचं नाही. डोंगर दिसेनासा होतो, नुसता चेहरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

तिने लामाने दिलेले तांदळाचे तीन दाणे दारातून उधळले, डोंगराची परवानगी मागितली आणि हेलिकॉप्टर उचललं.

झाडं संपली. मग गवत, मग गुरांचे गोठे, मग नुसता दगड आणि बर्फ. जिथे गरुडसुद्धा मागे फिरतात तिथून पुढे डोंगर चालू होत होते. जन्म इथे गेला होता, तरी यांजीचे हात आपोआप जोडले जायला निघाले. एवढं मोठं काही आपल्याला जवळ येऊ देतंय, याचंच तिला भरून आलं.

"कान्छी," कानात बांचा आवाज आला. धाकटी म्हणून ते तिला अजून कान्छीच म्हणत. "डोंगर बघत बसली असशील. नजर काट्यावर ठेव."

"ठेवलीये. तुम्ही काय करताय?"

"बसलोय. लवकर आटप, चहा निवतोय."

"फेरिचेचा चहा? तुम्ही तर त्याला भांडी विसळलेलं पाणी म्हणता."

बा हसले आणि त्यांना खोकला आला. त्यांच्यामागे वारा फडफडत होता. फेरिचेला वारा कायमचाच.

सहा हजारांवर पाती नुसती फिरू लागली, त्यांना धरायला हवाच मिळेना. ताकदीचा काटा तांबड्या रेघेला टेकला. समोर कड्याचा खांदा होता, घराच्या अंगणाएवढासुद्धा नाही, आणि दोन्ही बाजूंना हजार हजार मीटर काही नव्हतं. मधोमध लाल जॅकेटातला माणूस दिसला. खालून ढग निघाले होते.

"आता नको," बा म्हणाले. "झोत येतोय. उजवीकडे थांब."

पुढच्याच क्षणी खांद्यावरून बर्फाचा लोट उडाला. ती आत असती तर संपलं होतं.

"तुम्हाला तिथून दिसतं?"

"तीस वर्षं बघतोय ही जागा. डोळे मिटले तरी दिसते. मोज. सात, आठ... ये आता. हळू. आणखी थोडी. तुझ्या आईने पोळी तव्यावर टाकावी तशी."

यांजी श्वास न घेता पुढे सरकली. काटा रेघेवर थरथरत होता. हेलिकॉप्टरचा एक पाय बर्फाला टेकला, दुसरा दरीवर तरंगत राहिला. एवढंच टेकायचं होतं. मरेपर्यंत ती हे विसरणार नव्हती.

"टेकली," ती म्हणाली. "बा, टेकली."

"दिसलं. अशीच धर."

तिने डाव्या बाजूला पाहिलं. दारापासून दोन हातांवर तो माणूस बर्फात बसला होता. पाय वाकडा, भुवया पांढऱ्या, तोंडाशी वायरलेस. त्याचे ओठ हलले.

"माझ्याकडे नको बघूस, कान्छी," कानात बा म्हणाले. "काटा बघ."