विजारींतून गाळलेलं तेल

“परवाच आणला होता साबण. अख्खी वडी. कुठे जाते कोण जाणे!” न्हाणीघराच्या दाराआड जावई पुटपुटला.

बाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या नर्सबाईंनी ते स्वच्छ ऐकलं. म्हणजे आता माझ्या लेकीनं अंगाला लावलेला साबणही मोजायचा? त्यांनी ओठ घट्ट मिटले. मिटले ते बरंच झालं, कारण या घरात तोंड उघडं ठेवलं की वास थेट जिभेवर येऊन बसायचा.

वास शिळ्या तळणाचा होता. मासे, बटाटे, कांदा आणि देव जाणे कशाकशात पुन्हापुन्हा उकळून काळंठिक्कर पडलेल्या तेलाचा. जावई मूळचा शिंपी. हातात कला होती, दुकान बरं चालत होतं. वर्षापूर्वी दारात एक जुना डिझेल ट्रक आला आणि तो खाणावळींच्या टाकाऊ तेलावर चालवायचं खूळ घरात शिरलं. दुकानातल्या कापडाला वास लागला, गिऱ्हाइकं पळाली. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात. इथे दुकान गेलं आणि तेल तेवढं आलं, पिंपांनी.

गेल्या आठवड्यात जावयानंच फोन केला होता. “आई, चार दिवस येऊन जा. इथे काही बरं चाललेलं नाही.” एवढं बोलून फोन ठेवला. नर्सबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. लेक चिमी लहानपणापासून तशीच, मोडेल पण तक्रार करणार नाही. परतीची दोन तिकिटं काढूनच त्या आल्या होत्या.

तीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली होती. गळवं फोडली, बेडपॅन उचलले, ओकाऱ्या पुसल्या आणि लगेच हात धुऊन निवांत डबा खाल्ला. पण इथल्या मागच्या अंगणात पाऊल टाकलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

दोरीवर सात विजारी टांगल्या होत्या. जुन्या, जाड जीन्सच्या. प्रत्येकीचे पाय खालून शिवून बंद केलेले, शिंप्याच्या हातची नेटकी दुहेरी शिलाई. कमरेतून आत तेल ओतलेलं. फुगलेल्या पायांतून तपकिरी थेंब खालच्या बादल्यांत टपटपत होते. धड नसलेल्या सात माणसांना एकदम हगवण लागावी, तसं.

“गाळणी आहेत ती, आई,” जावई म्हणाला. त्याचा हात कोपरापर्यंत पिंपात होता. त्यानं तळातून मूठभर गाळ वर काढला. करपलेला चुरा, माशाचे काटे, आणि मधोमध एक उंदीर, तळून कडक झालेला. तो त्यानं शेपटीला धरून हलकेच बाजूला ठेवला.

नर्सबाईंनी रुमाल नाकाला लावला. “तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?”

जावयानं वर पाहिलं. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात चिमी दारात आली आणि तो पुन्हा पिंपात वाकला.

चिमी उकिडवी बसली. बादलीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. नर्सबाईंनी तोंड फिरवलं.

“पाणी आहे यात अजून. दोन दिवस बसू दे तसंच.”

“हिला दाखवल्याशिवाय मी पुढे ओतत नाही,” जावई म्हणाला.

म्हणजे उद्या इंजिन बसलं की खापर फोडायला माझ्या पोरीचं डोकं तयारच, नर्सबाई मनात म्हणाल्या.

ट्रक तीन दिवस जागचा हलला नव्हता. बंद करण्याआधी नळ्यांतून थोडं डिझेल फिरवून घ्यायचं असतं म्हणे. ते राहिलं, आणि थंडीनं तेल नळ्यांतच थिजलं. नर्सबाईंनी चालकाच्या खिडकीतून आत डोकावलं. सीटवर दोन गुबगुबीत उशा. पाहुण्या सासूच्या डोक्याखाली दगडासारखी एक, आणि साहेबांच्या बुडाखाली दोन!

दुपारी त्यांनी चिमीला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरायला घेतले. दोन हात फिरले नाहीत तोच फणीच्या दातांत चिकट राप जमला. पोरीच्या नखांतही तेच काळं.

“सुखात आहेस ना गं?”

चिमीनं आधी अंगणाकडे पाहिलं. तिथे जावई बादल्या उचलत होता. “आहे की.”

“आवाजावरून वाटत नाही.”

“दमलेय गं. दुसरं काय!”

सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, अशातली गत. नर्सबाईंनी फणी पुसली, पुन्हा पुसली आणि शेवटी फेकून दिली.

तिघं जेवायला बसली. चिमीनं दोन घास खाऊन ताट सरकवलं. “वासानंच पोट भरतं,” ती हसून म्हणाली. ते हसू नर्सबाईंना बघवेना. त्यांनी पाण्याचा पेला उचलला. पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग तरंगत होता.

पेला त्यांनी आदळलाच.

“बस्स झालं! चिमे, उद्या सकाळी माझ्याबरोबर निघायचं. कपडे घेऊ नकोस, जाळायच्याच लायकीचे आहेत. ह्यांना बसू दे त्यांच्या पिंपांत.”

“मी?” चिमीनं डोळे मोठे केले. “मी कशाला येऊ?”

“घाबरू नकोस यांना. मी आहे ना? तोंडावर सांग काय ते.”

जावयानं हात फडक्याला पुसले, मग पँटला पुसले. तरी ते चकाकतच होते.

“आई, ट्रक हिचा आहे,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “चालवते हीच, तेलाचं खूळही हिचंच. ही मजेत आहे. हिला नका नेऊ. मला न्या.”