वळसा

नौपाड्यात आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण चोरीला गेलं. तक्रार केली की पालिका दरवेळी ‘बघतो’ म्हणायची. शेवटी उत्तराकाकू रोज पहाटे त्या भगदाडाभोवती मोठी रांगोळी काढू लागल्या. रांगोळी कोण तुडवणार? माणसं, रिक्षा, सगळे वळसा घालून जायचे. पालिकेचे इंजिनीयर पाहणीला येणार होते, नेमक्या त्याच सकाळी काकू तापाने फणफणल्या. आता कुणीतरी पडेल, या धास्तीने मी धावतच खाली गेले आणि थबकले. भगदाडाभोवती वेडीवाकडी रांगोळी होती, गिरणीवाल्याच्या पिठाची, फुलवाल्याच्या झेंडूची, कुणाच्या तरी खडूची. इंजिनीयर तरातरा आले आणि कडेशीच थांबले. “कुणी काढली?” मी म्हणाले, “काय माहीत, साहेब! काढणाऱ्या काकू तर तापाने झोपल्यात.” त्यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला. संध्याकाळी झाकण बसलं. दुसऱ्या दिवशी काकूंना गॅलरीत बसवलं. खाली रांगोळी नव्हती, तरी प्रत्येक रिक्षा तिथे वळसा घालत होती.