एकच दार

फाटकावरच्या यंत्राने हौसाच्या पोटावर निळा झोत टाकला. "गोळी आढळली नाही," यंत्र म्हणालं. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या त्या कारखान्यात गोळी गिळल्याशिवाय कोणालाच आत सोडत नसत.

"गिळ की गं, हौसे," सुपरवायझर भोईटे वैतागले. "आतड्याचं दार बंद होतं, धुराची राख पोटात गेली तरी शिसं रक्तात जात नाही. तुझ्याच भल्याचं आहे."

"आणि कॅल्शियम कुठल्या दाराने जातं, साहेब?"

भोईटेंनी गोळी तिच्यापुढे धरली. हौसाने त्यांचा हात बाजूला सारला.

"त्याच दाराने. सहावा महिना आहे मला. नाचणी खाते, दूध पिते, या गोळीपायी सगळं वाया. बाळाची हाडं कच्ची आहेत म्हणाले तपासणीत."

"मग शिसं चालेल बाळाला?"

"तेही नको. माझं आतडं कशाला बंद करता? धुराड्याला गाळणी बसवा."

"त्यासाठी भट्टी महिनाभर बंद ठेवावी लागेल!"

"मग ठेवा."

हौसाने फाटकासमोरच बसकण मारली आणि डबा उघडून नाचणीची भाकरी खायला घेतली. रांगेतल्या शकुंतलेने अजून न गिळलेली गोळी थुंकली आणि ती शेजारी बसली. मग एकेक करत सगळीच रांग गोळ्या फेकून बसली.

पाळीचा भोंगा वाजला. यंत्र पोटामागून पोट तपासत राहिलं, पण फाटक काही उघडलं नाही. त्या दिवशी धुराड्यातून धूर निघाला नाही.