वेगळा पेला

पेला नाकाशी नेऊन बेल्मिरो सार्मेंतूंनी डोळे मिटले, तसे टेबलाभोवतीचे सगळे आपोआप गप्प झाले.

"दोन्ही बाटल्या एकाच सालच्या," ते म्हणाले. "चौसष्टच्या. पहिली इथेच नदीकाठी मुरली. दुसरीने आधी निदान दहा वर्षं वर डोंगरात ऊन खाल्लंय, मग खाली आणलीय."

गोदाम सांभाळणाऱ्या दोना ग्रासांनी बाटल्यांवरचे, लेबलं झाकणारे लोकरी मोजे काढले. साल चौसष्ट. डोंगरात बारा वर्षं.

"नाक आहे की पोलिसांचं कुत्रं!" दातांचे डॉक्टर किंतेला वैतागून म्हणाले. त्यांनी एकोणऐंशी सांगितलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी हे पाच-सहा शौकीन या गोदामात जमत, जुन्या पोर्ट वाइनच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखत आणि मनसोक्त भांडत. बेल्मिरोंशी मात्र कुणी फारसं भांडत नसे. त्रेचाळीस वर्षं याच गोदामाची वीस-वर्षी पोर्ट त्यांनी जुळवली होती. यंदाची पिंपं गेल्या वर्षीसारखी कधीच नसतात. तरी तीस-चाळीस पिंपांतून थोडं थोडं घेऊन बाटलीत चव मात्र तीच उतरवायची, पिणाऱ्याला काही कळता कामा नये, असं हे काम. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी बेनेदिता आली. निवृत्त झाले म्हणजे कागदोपत्री. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ते गोदामात हजर. या पिंपावर टकटक कर, त्या पिंपात नाक खुपस, मान हलव. गुरुवारच्या मंडळींना सांगायचं, "पोरगी हुशार आहे हो, पण ही वाइन आता आपली राहिली नाही."

हे बेनेदिताच्या कानावर गेलं नसतं तरच नवल. आज तिने त्यांच्यापुढे तीन पेले ठेवायला लावले.

"बाबा, एक बाटली तुमच्या शेवटच्या वर्षाची, एक माझी यंदाची. दोन पेल्यांत एकच वाइन आहे, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखा. ओळखलात तर पुढच्या वर्षीची पोर्ट तुम्ही जुळवायची. मी तुमच्या हाताखाली."

"आणि नाही ओळखला तर?"

"तर सकाळी नऊला घरी बसून कॉफी प्यायची. माझ्या पिंपांत नाक खुपसणं बंद."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" बेल्मिरोंनी हात चोळले. मनातल्या मनात त्यांनी जुना एप्रन चढवलासुद्धा.

पेले दोना ग्रासांनी आतल्या खोलीत भरले होते. उत्तराची चिठ्ठी अक्रोडांच्या वाडग्याखाली होती. बेनेदितालाही ते ठाऊक नव्हतं. ती खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

बेल्मिरोंनी पहिला पेला हुंगला, घोट घेतला, थुंकला. सुकं अंजीर, संत्र्याची साल, शेवटी अक्रोड. दुसरा. अंजीर, संत्रं, अक्रोड. तिसरा. त्यांची भुवई वर गेली. त्यांनी पुन्हा पहिला उचलला.

"पाणी द्या," ते म्हणाले. मग पाव मागितला. मग उजेड नीट नाही म्हणून खुर्ची खिडकीकडे ओढली. कुठेतरी फरक असायलाच हवा होता, आणि तो सापडत नव्हता.

"काय हो, झोप लागली का?" किंतेलांनी विचारलं.

"गप बसा, डॉक्टर." त्यांनी एकदम मधला पेला पुढे सरकवला. "हा! हा वेगळा. शेवटी जिभेवर जरा घाई जाणवते. तरुण हात आहे. आणि हा डावीकडचा घ्या, याला म्हणतात वाइन. घाई नाही, गडबड नाही. हा माझा. डोळे बांधून सांगेन."

दोना ग्रासांनी चिठ्ठी उघडली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"वेगळा पेला डावीकडचा," त्या हळूच म्हणाल्या. "तो बेनेदिताचा. मधला आणि उजवा, दोन्ही तुमचे, सेन्योर बेल्मिरो."

किंतेलांना हसू आवरेना. "म्हणजे घाईचा तरुण हात तो तुमचाच की! या उद्या दवाखान्यात, दातांबरोबर नाकही बघतो."

बेनेदिता हसली नाही. ती बापाकडे बघत होती.

बेल्मिरोंनी डावीकडचा पेला पुन्हा उचलला. या वेळी थुंकले नाहीत. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पुढच्या वर्षीचा एप्रन गेला, सकाळचे नऊही गेले. ते उठून उभे राहिले तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता, आणि डोळेही.

"नाक शाबूत आहे माझं!" ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे पिंपवाले दारात येऊन उभे राहिले. "आत्ताच चौसष्ट ओळखलीय मी! त्रेचाळीस वर्षांत कधी चुकलो नाही, आज चुकलो!" त्यांनी रिकामा पेला टेबलावर आपटला. "अरे, मला चुकवलं कुणी, ते विचारा ना कुणीतरी!"